दुसऱ्याच्या तीस सेकंदांना हात लावू नका

एफटीसीची मॅच अडीच मिनिटांची. त्यातली पहिली ३० सेकंदं मुलांनी कंट्रोलरला हात लावायचा नसतो. रोबोट एकटा असतो. कुणीतरी रात्री जागून लिहिलेला कोड त्याच्या पोटात असतो आणि तो बरोबर होता की नाही, याचा निकाल तिथं सगळ्यांसमोर लागतो. मुलं याला ऑटो म्हणतात. नियमावलीत या ऑटोबद्दल एक कलम आहे. समोरच्या अलायन्सच्या, म्हणजे प्रतिस्पर्धी जोडीच्या, भागात घुसून त्यांच्या रोबोटला धडकायचं नाही आणि त्यांच्यासाठी मांडून ठेवलेल्या वस्तू विस्कटायच्या नाहीत. केलंत तर मोठा फाउल.

माझ्या मते अख्ख्या नियमावलीतलं हे सर्वांत न्याय्य कलम आहे. आणि कोच, मेंटॉर, आईबाप या मोठ्या माणसांची सर्वांत जास्त घासाघीस चालते ती याच कलमावर. "धडक हलकी होती." "आमच्या मुलांनी मुद्दाम नाही केलं." "त्यांचा रोबोट रेषेच्या जवळच होता की." मॅच संपली रे संपली की हे सुरू होतं. या प्रत्येक वाक्याला उत्तर आहे, आणि ते मुलांच्या देखत द्यायला हवं.

नवख्या वाचकासाठी थोडं. एफटीसी म्हणजे फर्स्ट टेक चॅलेंज. डीन केमन यांनी अमेरिकेत १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था काढली, तिची सातवी ते बारावीच्या मुलांसाठीची ही स्पर्धा. बारा फूट लांब, बारा फूट रुंद फील्ड, खाली दोन-दोन फुटांच्या मऊ टाइल्स. लाल अलायन्सचे दोन रोबोट, निळ्याचे दोन. सुरुवातीला प्रत्येक रोबोट १८ इंचांच्या घनात मावला पाहिजे. आपल्याकडेही शाळाशाळांतून संघ निघाले आहेत. याच संस्थेची थोरली स्पर्धा एफआरसी. तिथं मुंबईचा आर फॅक्टर, संघ क्रमांक ६०२४, खेळतो. म्हणजे विषय परदेशात जन्मला असला तरी हा फाउल ज्यांच्या वाट्याला येतो, त्यांत आपली पोरंही आहेत.

"धडक हलकी होती", हे आधी घेऊ. रोबोटला आपण कुठं आहोत हे दिसत नसतं, तो ते मोजत असतो. चाक किती फिरलं हे एन्कोडर सांगतो, तोंड कुठं वळलंय हे आयएमयू नावाचा सेन्सर सांगतो, आणि या आकड्यांची बेरीज करत तो पुढं सरकतो. बाहेरून कुणी दोन इंच बाजूला ढकललं, तर चाकं टाइलवर घसरतात आणि एन्कोडरला त्याचा पत्ताही लागत नाही. रोबोटच्या हिशेबात तो अजून जुन्याच जागी उभा असतो. तिथून पुढचं प्रत्येक पाऊल दोन इंच चुकलेलं. आणि धक्क्यानं तोंड पाच अंशांनी फिरलं, कोडमध्ये ते तपासून सुधारायची सोय नसली, तर सहा फूट पुढं गेल्यावर चूक सहा इंचांची झालेली असते. ज्या पंजानं एक वस्तू एका आडव्या दांडीवर अडकवायची आहे, त्याच्यासाठी सहा इंच म्हणजे सगळं संपलं. रोबोट मात्र थांबत नाही. हवेत पंजा उघडतो, रिकाम्या टाइलवरून वस्तू उचलल्याचा अभिनय करतो, भिंतीला जाऊन चाकं फिरवत राहतो. धडक लागली दुसऱ्या सेकंदाला, नुकसान अठ्ठावीस सेकंदांचं.

टेलिऑपमध्ये, म्हणजे पुढच्या दोन मिनिटांत, हीच धडक किरकोळ असते. चालवणाऱ्या मुलीला दिसतं, ती रोबोट मागं घेते, पुन्हा येते, समोरच्याला चुकवून जाते. तिथं अडवाअडवी हा खेळाचा भाग आहे आणि असावाच. ऑटोत तिचे हात बांधलेले असतात, तेही नियमानंच. ज्याला नियमानं उत्तर देऊ दिलेलं नाही त्याला मारायला परवानगी देता येत नाही. या कलमाची गरज पटवायला मला याहून जास्त युक्तिवाद लागत नाही.

आता धक्का कुणाला जास्त बसतो ते बघा. ज्या संघाकडे पैसा आणि अनुभव आहे, त्याच्या रोबोटखाली ओडोमेट्री पॉड असतात. ही मोटर नसलेली, टाइलला टेकून फिरणारी छोटी चाकं. रोबोट ढकलला गेला की तीही फिरतात, त्यामुळे आपण ढकललो गेलो हे रोबोटला कळतं आणि तो वाटेवर परत येतो. पुढं कॅमेरा असतो. २०२३-२४ च्या सेंटरस्टेज हंगामापासून फील्डवर एप्रिलटॅगचे चौकोनी ठसे असतात, ते वाचून तो आपली जागा पक्की करतो. अशा रोबोटला हलका धक्का पचतो. पहिल्याच वर्षी उतरलेल्या संघाकडे मोटरीच्या आतला एन्कोडर आणि एक धाडसी नववीतली पोरगी, एवढंच असतं. तिचं ऑटो म्हणजे पुढं जा, वळ, टाक, थांब. त्या चार ओळी सरळ चालाव्यात म्हणून तिनं कितीदा बॅटरी बदलून पाहिली असेल. हलक्या धक्क्यानं मोडतं ते तिचं. "धडक हलकी होती" हे वाक्य नेहमी ओडोमेट्रीवाले का बोलतात, हे कोचांनी स्वतःला विचारून बघावं.

"मुद्दाम नाही केलं." बहुतेक वेळा हे खरं असतं. पण कलम विचारतं ते कुठं झालं एवढंच, आणि ते शहाणपणाचं आहे. रेफरी स्वयंसेवक असतात. चार रोबोट एकाच वेळी सुटतात, त्यांना तीस सेकंदांत सगळं बघायचं असतं. कोडच्या मनात काय होतं हे त्यांनी कसं ठरवायचं? आणि कोडला मन नसतं. कोड कुणीतरी लिहिलेला असतो, कुणीतरी वर पाठवलेला असतो, कुणीतरी मॅचच्या आधी मेनूतून निवडलेला असतो. रोबोट कुठं जाईल याची जबाबदारी त्याला सोडणाऱ्याची. हे सतराव्या वर्षी शिकलेलं बरं, कारण पुढं हीच मुलं गाड्यांचे ब्रेक आणि दवाखान्यातली यंत्रं बनवणार आहेत आणि तिथं "मुद्दाम नाही केलं" म्हणून कुणी सोडणार नाही.

शिवाय उपाय साधा आहे. ज्याला आपली जागा मोजता येते, त्या रोबोटच्या कोडमध्ये एक अट घालता येते: मध्यरेषा ओलांडली की मोटर बंद. ज्याला नीट मोजता येत नाही, त्याला निदान वेळेची मर्यादा घालता येते; अमुक सेकंदांत पोचला नाहीस तर थांब. मोटर अडकून वीज जास्त ओढतेय, हेही ओळखता येतं. या गोष्टी दहावीतल्या मुलाला जमतात. पण मी पाहतो ते असं की कोच गुण वाढवणाऱ्या ओळींसाठी चार शनिवार देतात आणि या ओळींसाठी अर्धा तासही देत नाहीत. मग फाउल लागला की मुलांना रेफरीकडे पिटाळतात. तिथं जाऊन बोलायचा अधिकार मुलांनाच आहे, मोठ्यांना नाही, हे फर्स्टनं फार चांगलं केलं आहे. पण मोठी माणसं मुलांच्या हातात मोबाइल देऊन व्हिडिओ दाखवायला लावतात. फर्स्टच्या स्पर्धांत मुख्य रेफरी व्हिडिओ बघत नाहीत, हे नियमावलीत स्पष्ट लिहिलंय. जो नियम कोचनं वाचलेला नाही त्याच्यासाठी मुलाला चारचौघांत नकार ऐकायला पाठवणं, याला शिकवणं म्हणत नाहीत.

मुद्दाम घुसवणारेही असतात. थोडे असतात, पण असतात. "त्यांचं ऑटो आपल्यापेक्षा चांगलं आहे, पहिल्या दोन सेकंदांत जाऊन भिडव," असं सांगणारा मोठा माणूस मला स्पर्धेच्या आवारात नको आहे. पुण्यात २००८ मध्ये एबीयू रोबोकॉन झाली, आशिया-पॅसिफिकमधल्या महाविद्यालयीन संघांची. यजमान म्हणून भारतानं विषय दिला होता गोविंदाचा: रोबोटनं उंचावरच्या मडक्यातलं लोणी मिळवायचं. ज्या शहरांत हंडी फुटते तिथल्या कुणालाही असं भिडणं का चूक हे वेगळं सांगायला लागू नये. दुसऱ्या पथकाचे थर लागत असताना आपलं पथक बाजूला उभं राहतं. हंडी आपल्याला फोडायची असते तरीही. खालच्या थरातल्या माणसाला कोपर मारून जिंकलेल्या पथकाला कोणी पथक म्हणेल का?

इथपर्यंत वाचून काही मेंटॉर खूश झाले असतील. त्यांच्यासाठी पुढचं.

या कलमाचं कुंपण मध्यरेषेशी संपतं, आणि तिथंच संपलं पाहिजे. मधली जागा दोघांचीही नसते आणि दोघांचीही असते. तिथं ठेवलेली वस्तू जो आधी गाठेल त्याची. या झटापटीलाही काही लोक "असभ्य" म्हणू लागले आहेत, आणि त्यांच्या तोंडी 'ग्रेशियस प्रोफेशनलिझम' हे शब्द असतात. हे शब्द रूढ केले एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी. ते २०१९ मध्ये गेले. त्यांच्या म्हणण्यात दोन्ही गोष्टी होत्या: जीव तोडून खेळा, आणि खेळताना समोरच्याचा मान राखा. पहिला अर्धा भाग खाऊन दुसराच मिरवणाऱ्यांनी त्यांचं नाव घेऊ नये.

एफआरसीचा २०१५ चा 'रीसायकल रश' आठवा. त्या वर्षी दोन्ही अलायन्सचे भाग पूर्ण वेगळे होते. एकमेकांच्या रोबोटपर्यंत पोचायची सोयच नव्हती. मधल्या पायरीवर मात्र चार हिरवे डबे ठेवलेले. रचलेल्या पेट्यांवर डबा चढवला की त्या थप्पीची किंमत वाढायची, म्हणून मधले डबे ज्याला मिळतील त्याचं पारडं जड. मोठ्या स्पर्धांत ऑटोची घंटा वाजताच दोन्ही बाजूंनी आकडे सुटायचे आणि सेकंदाच्या लहानशा तुकड्यात निकाल लागायचा. स्प्रिंगा, रबर, हलक्या नळ्या, काय काय मुलांनी शोधलं त्या एका क्षणासाठी! समोरच्या अलायन्सचं नुकसान व्हायचं का? व्हायचंच. तिनंही तेच करून पाहिलेलं असायचं. समोरच्याच्या कोडला कुणी हात लावला नव्हता. त्याच्या आधी पोचले, इतकंच.

२०२४ च्या 'क्रेसेंडो'त मध्यरेषेवर फोमच्या पाच नारिंगी कड्या होत्या, आणखी तीन-तीन दोन्हीकडच्या भागांत. काही संघांनी ऑटोत मधल्या कड्या गोळा करायचा नाद सोडून त्या रेषेवरून नुसता रोबोट पळवला आणि कड्या विस्कटून टाकल्या, म्हणजे समोरच्याला ठरल्या जागी सापडूच नयेत. यावर किती हळहळ झाली! मला ते पूर्णपणे रास्त वाटतं. कड्या कुणाच्या नावच्या नव्हत्या, जागा कुणाची नव्हती, आणि पलीकडच्या भागात जाऊन रोबोटला धडकलात तर फाउल होताच. असा डाव टाकणारा संघ स्वतःही तिथले गुण सोडत असतो. आणि ज्यांच्या कोडला ठरल्या जागी कडी न मिळाल्यावर पुढं काय करायचं हे माहीत नव्हतं, त्यांना कॅमेऱ्यानं कडी शोधायची शिकवण त्या एका मॅचनं दिली.

व्हेक्स ही दुसरी रोबोट स्पर्धा. तिथल्या लोकांनी हे जास्त धीटपणे लिहून ठेवलंय. त्यांचं ऑटो पंधरा सेकंदांचं. २०२१-२२ च्या 'टिपिंग पॉइंट'मध्ये मधोमध ओढून नेता येणारे तीन पिवळे गोल होते, कुणाचेही नसलेले. दोन रोबोट एकाच गोलला दोन्हीकडून धरून ओढताहेत, हे दृश्य त्या वर्षी नेहमीचं. नियम सांगायचा की मधल्या वस्तूंच्या वाटेला जाल तर तुमच्या जोखमीवर जा, समोरचाही येऊ शकतो. म्हणजे रोबोट दणकट बांधा, रडू नका. पण रेषेपलीकडे गेलात तर ऑटोचा बोनस समोरच्याला.

आणि अडवणं ही गोष्ट मुळात पापही नाही. २०१४ च्या एफआरसीत तर नियमानंच गोलरक्षकाची जागा आखून दिली होती. त्या पट्ट्यात उभं राहून, जास्तीची उंची वाढवून, ऑटोत समोरच्यानं मारलेला चेंडू अडवायची मुभा होती. मग चांगल्या संघांनी अडवणाऱ्याला चुकवून जाणारे मार्ग कोडमध्ये भरले. जानेवारीत नियम जाहीर झाले तेव्हाच प्रत्येकाला हे ठाऊक होतं. तयारीला सगळ्यांना सारखाच वेळ मिळाला. त्यामुळे कुणावर अन्याय झाला नाही. अन्याय होतो तो ज्या संघानं आपला भाग सुरक्षित आहे असं नियम वाचून गृहीत धरलं, त्याच्या भागात घुसल्यावर.

तर कलम बरोबर आहे, हद्दही बरोबर आहे. चुकलंय ते दंडाच्या रकमेत. इथं मला नियमावली लिहिणाऱ्यांशी भांडायचं आहे.

२०२४-२५ चा एफटीसीचा 'इनटू द डीप' हंगाम घ्या. त्यात मोठा फाउल १५ गुणांचा होता. आदल्या सेंटरस्टेजमध्ये तो ३० चा होता. आता गुण मोजा. वरच्या टोपलीत एक सॅम्पल, म्हणजे त्या हंगामातली गुणांची वस्तू, टाकलं की ८ मिळायचे. चांगला संघ ऑटोत चार टाकायचा, एक आधीच धरलेलं आणि तीन उचललेली. वर ऑटोत टाकलेली सॅम्पलं शेवटपर्यंत टोपलीत राहिली तर टेलिऑपच्या मोजणीत पुन्हा धरली जायची. पहिलं सॅम्पल पडल्यावर कुणी येऊन धडकलं, तर उरलेल्या तिन्हींचे २४ गुण ऑटोतून गेले, आणि नंतर आपोआप मिळणारे २४ सुद्धा. हे दुसरे २४ मुलं टेलिऑपमध्ये घाम गाळून मिळवतील, वेळ घालवून. पहिले २४ परत येत नाहीत. भरपाई म्हणून हातावर ठेवले जायचे १५. धडकणाऱ्याला नऊ गुणांचा नफा, समोरच्याचा गेलेला वेळ वेगळा.

हे ज्या कोचला कळतं तो वाईट माणूस असायची गरज नाही. त्याला नुसती वजाबाकी यायला हवी. मुद्दाम आणि पुन्हापुन्हा केलं तर पिवळं कार्ड आहे, हे खरं. पण मुद्दाम केलं हे सिद्ध करायचा भार परत त्याच स्वयंसेवक रेफरीवर येतो, आणि त्याच्यावर तो नसावा म्हणून तर कलम जागेवर बेतलेलं आहे. एकदा केलेलं, कोड चुकला म्हणून सांगितलेलं आणि बाद फेरीच्या निर्णायक मॅचमध्ये केलेलं कार्डातून निसटतं.

माझी सूचना सरळ आहे. ऑटोत समोरच्या भागात घुसून धडक दिलीत, तर तुमच्या अलायन्सचे ऑटोचे सगळे गुण शून्य, आणि वर मोठा फाउल आहे तो आहेच. व्हेक्समध्ये ऑटोतल्या चुकीची किंमत ऑटोतच चुकवावी लागते, तत्त्व तेच. यातली गोम अशी की शिक्षा आपोआप ऐपतीप्रमाणे पडते. ज्या नवख्या संघाचा रोबोट भरकटून पलीकडे गेला, त्याचे ऑटोत मुळात चार-दोन गुण असतात. तो थोडं गमावतो. जो तगडा संघ हिशेब करून घुसतो, त्याच्या अलायन्सचे तीस-चाळीस जातात. नऊ गुणांचा नफा राहत नाही. वजाबाकी येणाऱ्या कोचला हीही वजाबाकी येईल.

यावर आक्षेप येईल तो जोडीदाराचा. साखळी फेरीत जोडीदार कोण हे वेळापत्रक ठरवतं. त्या बिचाऱ्या संघानं आपलं ऑटो नीट केलं आणि सोबतच्यानं घाण केली तर दोघांचेही गुण का जावेत? आक्षेप खरा आहे, आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. पण आजही फाउलचे गुण समोरच्या अलायन्सला मिळतात, म्हणजे जोडीदार आजही भरडला जातोच. फरक एवढा पडेल की मॅचच्या आधी रांगेत उभं असताना तो जोडीदार विचारेल: तुझा रोबोट मध्यरेषेपाशी थांबतो का? ती अट घातलीयस का? दाखव. आज या रांगेत फक्त "तू डावीकडून जा, मी दोन सेकंद थांबून निघते" एवढंच बोलणं होतं, आपापसात टक्कर होऊ नये म्हणून. पलीकडच्यांचा विचार त्या बोलण्यात नसतो. दंड बदलला तर तो येईल, आणि मुलं एकमेकांना जे विचारतात ते कोचच्या भाषणापेक्षा लवकर अमलात येतं.

एफटीसीचा नवा हंगाम सप्टेंबरात जाहीर होतो, आणि त्यासोबत प्रश्नोत्तरांची अधिकृत सोयही असते. तिथं प्रश्न संघांनी विचारायचे असतात. ज्या मुलांचं ऑटो मागच्या हंगामात मोडलं, त्यांनी पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न घालावा, वर दिलेल्या आकड्यांसह.